ताईला झोपू द्या

मे महिना तोंडावर आला आहे आणि मंडळ्यांच्या सूचनाफलकांवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं लागली आहेत. कुणी पाचगणीला जाणार, कुणी लोणावळ्याला. ज्यांना गाडीभाडं झेपत नाही ते चर्चच्या आवारातच व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, भरवणार. मुलांसाठी काय काय आहे ते पत्रकावर ठळक छापलेलं असतं: गाणी, बायबलच्या गोष्टी, हस्तकला, खेळ, शेकोटी. हे सगळं ज्यांच्या जिवावर उभं राहतं त्या ताई-दादांबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेलं नसतं. काम किती तास, झोपायचं कुठे, सुट्टी कधी, आजारी पडलं तर काय? त्यांना पाळकसाहेबांचा किंवा फादरांचा फोन जातो, "सेवा आहे, नाही म्हणू नकोस," आणि तेवढ्यावर सगळं ठरतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या शिबिराच्या वेळापत्रकात ताई-दादांची झोप नाही, ते शिबिर मुलांसाठी सुरक्षित नाही.

ही पोरं कोण असतात ते बघा. परीक्षा नुकत्याच संपलेल्या असतात. कुणी नर्सिंगला, कुणी डीएडला, कुणी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. रविवारच्या शाळेत शिकवतात, क्वायरमध्ये गातात, म्हणून शिबिराच्या यादीतही त्यांचंच नाव पहिलं. वर्षातली एकमेव मोठी सुट्टी ती मनापासून देऊन टाकतात. मानधन बहुतेक ठिकाणी नसतं, आणि तेही कुणी मागत नाही. मागायला हवी ती माणसासारखी वागणूक.

निवासी शिबिरातला त्यांचा दिवस साडेपाचला सुरू होतो, कारण मुलांच्या आधी आंघोळी उरकायच्या असतात. मग प्रार्थना, नाष्टा वाढणं, गटपाठ, खेळ, जेवण वाढणं, भांड्यांवर लक्ष, दुपारी हस्तकला, संध्याकाळी नाटकाची तालीम, रात्री गाणी आणि साक्षी. साडेदहाला दिवे बंद. त्यानंतर ताई-दादांची बैठक. आज काय चुकलं, उद्या काय करायचं, यात बारा वाजतात. दिवसभरात बसून जेवणं होतच नाही. वाढता वाढता, उभ्या उभ्या, गार झालेला भात.

आणि रात्र संपलेली नसते. दोनच्या सुमाराला आठ वर्षांची एक मुलगी मुसमुसत उठते. गादी ओली झालेली. इतर मुलींना कळू नये म्हणून ताई मोबाइलच्या उजेडात चादर गोळा करते, स्वतःच्या बॅगेतला कुर्ता तिच्या अंगात घालते, तिला आपल्या गादीवर झोपवते आणि बाहेरच्या नळाखाली चादर पिळून दोरीवर टाकते. सकाळी कुणी विचारलंच तर सांगते, "माझ्या हातून पाणी सांडलं." त्या मुलीला शिबिरात पाठ केलेली वचनं मोठेपणी आठवोत न आठवोत, ही ताई आठवेल. शिबिराचं खरं काम ते हेच. ते करणाऱ्या मुलीला मात्र पुन्हा साडेपाचला उठायचं असतं, आणि प्रार्थनेत डुलकी लागली तर सगळ्यांसमोर बोलणी खायची असतात.

आता एक आकडा. १९९७ साली 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांचा अभ्यास छापून आला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची हात आणि नजर एकत्र चालवण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. साडेपाच ते साडेदहा म्हणजे बरोबर सतरा तास. म्हणजे दिवे बंद होतात तेव्हा ताईची नजर आणि हात, कायदा ज्याला स्टिअरिंगला हात लावू देत नाही त्या माणसाइतके ढिले झालेले असतात. त्यानंतर बैठक, त्यानंतर रात्रभराची जबाबदारी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धरणाच्या काठावर उभं राहून पाण्यात उतरलेल्या पोरांची डोकी मोजायची. या मोजणीत एक डोकं चुकलं तर काय होईल, हे शिबिर आखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

शिबिरांची ही पद्धत आपल्याकडे अमेरिकेतून आली. वायएमसीएच्या समनर डडली यांनी १८८५ साली न्यूयॉर्क राज्यात सात मुलांना तळ्याकाठी नेऊन तंबू ठोकले. सुट्टीतल्या बायबल शाळेची एक सुरुवात १८९८ साली न्यूयॉर्क शहरात एलायझा हॉज या बाईंनी केली, रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब मुलांसाठी. तिथली गाणी आपण उचलली, टी-शर्ट उचलले, हातवारे उचलले. तिथला हिशेब मात्र उचलला नाही. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं मानक सांगतं की निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक. आपल्याकडे एका ताईच्या गळ्यात पंधरा-वीस मुलं सर्रास घातली जातात.

अमेरिकेतही सगळं आलबेल आहे असं नाही. तिथला १९३८ चा वेतन कायदा आज वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या शिबिरांना किमान वेतनाच्या आणि जादा तासांच्या मोबदल्याच्या अटीतून सूट देतो. आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला पूर आला आणि कॅम्प मिस्टिक या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरातल्या २५ मुली आणि दोन तरुण गटप्रमुख त्यात गेल्या. त्या रात्री इतर गटप्रमुखांनी मुलींना अंधारातून सावरलं. काहींनी ओळख पटावी म्हणून मुलींची नावं त्यांच्या अंगावर लिहून ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरात टेक्सासने कायदे केले: पूररेषेत मुलांना झोपवायच्या खोल्या नकोत, संकटात काय करायचं याचा आराखडा हवा, काम करणाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण हवं. संकट येतं तेव्हा मुलांच्या शेजारी बहुतेकदा संचालक नसतो, विशीतली ताई असते. तिला दमवून ठेवणं हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे. "देवाच्या कामात कसला आलाय थकवा?" हे म्हणणाऱ्यांनी बायबल पुन्हा उघडावं.

एलीया हा केवढा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर बालाच्या शेकडो संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिला. ईजबेल राणीची धमकी आली तसा पळाला आणि रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूत आला, पण त्याने प्रवचन दिलं नाही, विश्वास कमी पडला म्हणून झापलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची कुपी उशाशी ठेवली. एलीयाने खाल्लं, तो पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवलं, ते पुन्हा खाण्यासाठी. होरेब डोंगराची लांब वाट त्यानंतर. देवाचा क्रम असा आहे: आधी भाकर, मग झोप, मग काम.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसायचा. सासरा इथ्रो याने एक दिवस पाहिलं आणि तोंडावर सांगितलं की तू करतोस ते बरं नाही. तूही खंगशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला लावले. दहांवर एक. म्हणजे हा हिशेब अमेरिकेहून आणायचीही गरज नव्हती, निर्गमाच्या अठराव्या अध्यायात तो होताच.

आणि खुद्द येशू. प्रेषित गावोगाव फिरून परतले, येणाजाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा त्यानेच त्यांना एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगितलं. गर्दी तिथेही पोहोचली हे खरं. पण विसाव्याचा विचार गुरूने केला; शिष्यांना तो मागावा लागला नाही. शिबिरप्रमुखांनी हे एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ. विसावा मागण्याची वेळ ताईवर येऊ देऊ नका. ती मागणार नाही. तिला वाटतं, मागितला तर माझी भक्ती कमी पडली असं म्हणतील.

याचा अर्थ ताई-दादांकडून काही अपेक्षाच ठेवू नये असा नाही. माझ्या मते काही बाबतींत शिबिरं फार ढिली आहेत. मुलांसोबत असताना मोबाइल बॅगेत हवा. बंद दाराआड कुठल्याही मोठ्या माणसाने मुलासोबत एकटं असता कामा नये; मग तो दादा असो, पाळक असो की पाहुणा वक्ता. मुलाला मारणं नाही, लाजवणं नाही. एखाद्या मुलाने अंगाला नको तसा स्पर्श झाल्याचं सांगितलं तर "कुणाला सांगू नकोस" हे वाक्य तोंडून निघता कामा नये. २०१२ चा पोक्सो कायदा अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक करतो. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. एकोणीस वर्षांच्या मुलीला हे शिबिराच्या आधी शिकवलं गेलं पाहिजे. तिने एकटीने ते ओझं रात्रभर उराशी घेऊन बसू नये.

तिचं स्वतःचं संरक्षणही तिला सांगितलं पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी स्वयंसेविकेलाही लागू आहे. मोबदला मिळत नाही म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. हे किती मंडळ्यांनी आपल्या मुलींना सांगितलं आहे?

ज्या अपेक्षा सोडून द्यायला हव्यात त्या वेगळ्या. चोवीस तास हसतमुख राहण्याची अपेक्षा सोडा. शेवटच्या रात्री किती मुलं रडली, किती जणांनी हात वर केले, याची गटवार मोजणी सोडा. पवित्र आत्म्याच्या कामाचा ताळेबंद बीकॉमच्या पोरीकडून मागू नका. मुलांना देवाविषयी सांगणाऱ्या दादाच्याही मनात शंका असू शकतात. बाप नुकताच गेलेला असू शकतो, नोकरी नसू शकते. त्याला ते बोलता येईल असं एक शहाणं, वडीलधारं माणूस शिबिरात हवं, आणि ते माणूस त्याच्या कामाचं मूल्यमापन करणारं नको.

ताई-दादांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. जेवण बसून जेवा. उन्हात मुलांना पाणी पाजता तसं स्वतः प्या. ताप अंगावर काढू नका. मुलांची दुःखं ऐका, पण ती सोडवायला तुम्ही एकटे नाही आहात; ज्येष्ठांकडे न्या. "मला आज झेपत नाही" हे वेळेवर सांगणारा गटप्रमुख कोसळेपर्यंत गप्प बसणाऱ्यापेक्षा मुलांच्या जास्त उपयोगाचा. शिबिराहून परतल्यावर आठवडाभर उदास, रितं वाटलं तर घाबरू नका, बोला. तेवढ्याने भागलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. प्रार्थना करा आणि फोनही करा.

घरच्यांनाही एक विनंती. शिबिराहून आलेला मुलगा दोन दिवस झोपून काढतो आणि मुलगी त्याच संध्याकाळी पोळ्या लाटायला उभी राहते. दोघं सारखेच दमलेले असतात.

हे सगळं करायला काय लागतं? दर रात्री सात तासांची झोप वेळापत्रकात, बैठक दिवे बंद व्हायच्या आधी, रात्री जागणारं वेगळं माणूस आणि त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी, रोज एक तास ज्यात कुणी हाक मारणार नाही, आठवड्याच्या शिबिरात एक अर्धा दिवस मोकळा, आणि हे सगळं लिहून दिलेला एक कागद. त्यासाठी दोन-तीन माणसं जास्त लागतील. त्यांचं जेवण आणि प्रवास यांचा खर्च येईल. तो मंडळीने उचलावा. मंडप, साउंड सिस्टिम आणि पाहुण्यांचे हारतुरे यांवर दरवर्षी खर्च होतोच. तिथला थोडा इकडे वळवावा. तरीही पैसे कमी पडले तर फी वाढवा आणि ती का वाढवली ते पालकांना स्पष्ट सांगा.

पालकहो, यंदा मुलाला शिबिराच्या गाडीत बसवताना खाऊचे आणि औषधांचे प्रश्न विचारालच. त्यासोबत आणखी दोन विचारा. आज रात्री माझ्या मुलाजवळ जागं कोण असणार आहे? आणि ते माणूस झोपणार कधी? शिबिरप्रमुखांकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर गाडी सुटायच्या आधी ते मिळवा.