उजेडभाऊ

जुन्या शहरातल्या प्रत्येक गल्लीत एक माणूस असा असतोच, ज्याला काम चोख येतं, फक्त सुरू करता येत नाही. आमच्या गल्लीत हा मान उजेडभाऊंकडे आहे. दिवसा ते एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितात आणि उरलेल्या वेळात किड्यामुंग्यांचे फोटो काढण्यासाठी उजेड निवडतात. फोटोपर्यंत प्रकरण क्वचितच जातं.

त्यांच्याकडे शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आहे. तिची किंमत घरात एक, जिनिंगमध्ये दुसरी आणि सासुरवाडीत तिसरी सांगितलेली आहे.

ज्ञानाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. ओट्यावर कोणी सापडला की सुरू होतात, "किडा जेवढा हाय तेवढाच सेन्सरवर पडला ना बावा, की दोन स्टॉप उजेड गेला. म्हंजे चौपट उजेड पायजे. त्यात एफ सोळावर जाय, तरी फोकस किती? दोन मिलिमीटर! डोये साफ आले तं मिशा गेल्या." यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तीच अडचण आहे. चुकीचं बोलणाऱ्याला तोडता येतं. बरोबर बोलणाऱ्याचं चहा येईपर्यंत ऐकावं लागतं.

त्यांचा खरा हंगाम मृगाचा. पहिला पाऊस मुरला की ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे निघतात, चार दिवस दिसतात आणि वर्षभरासाठी गडप होतात. एकदा असदगडाजवळ पोरांना एक दिसला. पोरं धावत बोलवायला आली. भाऊ बॅग घेऊन पोचले, मातीत पालथे पडले आणि विचारात पडले. सरळ फ्लॅश मारला तर लाल रंग फाटतो, नुसता लाल डाग उमटतो. समोरून सपाट उजेड टाकला तर सावलीच पडत नाही, मग मखमल दिसणार कशी? उजेड बाजूनंच यायला हवा, आणि तोही गाळून. एका पोराला ट्रेसिंग पेपर आणायला पिटाळलं. औरंगजेबाच्या काळातला असदगड तीनशे वर्षांवर उन्हापावसात थांबलेला आहे. किड्याकडे तेवढी सवड नव्हती. पोरगा बटर पेपर घेऊन आला तेव्हा ऊन पडलं होतं आणि मातीत फक्त भाऊंच्या कोपरांचे ठसे होते.

"काका, तो गेला ना."

"जाऊ दे लेका. उजेड तं ठरला!"

रिंग फ्लॅशशी त्यांचं वैर जुनं आहे. लेन्सभोवती कड्यासारखा बसणारा हा दिवा अमेरिकेत लेस्टर डाइन यांनी १९५२ साली दातांचे फोटो काढण्यासाठी केला. ही माहिती भाऊ अशा चेहऱ्याने सांगतात, जणू घराण्याचा जुना कलंक उघड करताहेत. "दाढेचा लाईट ढालकिड्याले कायले?" मुद्दा बिनतोड आहे. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, तिच्यात अख्ख्या दिव्याचं गोल कडं उमटतं. तरी भाऊंनी तो घेतला. तो वाईट आहे हे सिद्ध करायला हाताशी हवा म्हणून. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे येतात. सारं शहर रस्त्यावर, कॅमेरेवाले गच्च्यांवर, आणि भाऊ कडेला गुडघे टेकून बेलाच्या पानावरच्या मुंगीला हेच कडं दाखवत होते. रील बनवणारा समजून दोन पोरींनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

एलईडीवरही ते खूश नाहीत. तो सतत जळतो, पण शटर उघडं राहतं तेवढ्यात मुंगी दोन पावलं चालते. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागातही मिटतो, मुंगी जागच्या जागी गोठते. हे त्यांनी मला समजावलं तेव्हा लाईन गेलेली होती.

मागच्या कपाशीच्या हंगामात साळा गावाहून एक बोंड घेऊन आला. आत गुलाबी बोंडअळी आहे का, हे फोटो पाठवून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या जाणकाराला विचारायचं होतं.

"जवाईबुवा, एक फोटू काढून द्या फक्त."

'फक्त' ऐकून भाऊ दुखावले. अळीचा गुलाबी रंग नेमका यावा म्हणून त्यांनी बोंडातून काढून डबीत ठेवलेल्या अळीवर आधी खिडकीचा उजेड पाहिला, मग पांढऱ्या पुठ्ठ्याचा, मग दुधाच्या पिशवीतून गाळलेला. साळ्याने दरम्यान अंगणात जाऊन मोबाईलवर उन्हात फोटो काढला, पाठवला, उत्तर घेतलं, जेवण केलं आणि एसटी पकडली. अळीने डबीतच कोष केला. भाऊ म्हणाले, बरं झालं, कोष हलत नाही. मग कोषाला वरून उजेड द्यावा की मागून, यावर गाडी अडली, ती त्यातून पतंग निघून जाईपर्यंत.

मे महिन्यात मात्र साक्षात्कार झाला. काकूंनी गच्चीवर साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते. भाऊंनी एक उचलून सूर्यासमोर धरला आणि ओरडले, "अवं, हा तं डिफ्यूजर हाय!" उजेड खरंच मऊ येत होता. शिवाय पापड मोठा; मुंगीच्या अगदी जवळ आणला की तिच्यापुरतं ते आभाळच, सावलीच्या कडा विरघळून जातात. जिऱ्याचे डाग तेवढे येत होते, पण ते 'नैसर्गिक' ठरले. कणकेची खळ करून पापड फ्लॅशला चिकटवला.

काकू म्हणाल्या, "अवो, खायाचा जिन्नस हाय तो. थोडी तरी लाज धरा."

"तुले काय समजते त्यातलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हाक गेली. फ्लॅशवर मुंग्यांची रांग लागली होती. काळ्याभोर, ठसठशीत, एकेक पापडाचा कण उचललेली, आणि ऊन असं तिरपं की प्रत्येकीची मिशी वेगळी दिसावी. आम्ही सगळे म्हणालो, काढा भाऊ, काढा. भाऊंनी लेन्स लावली, डोळा लावला आणि ताठ झाले.

"काढतो ना! पण फ्लॅशवर तं ह्या बसल्या. याहिले उजेड द्याले दुसरा फ्लॅश लागन."

आणि चप्पल घालून ते बाजाराकडे निघाले. काकूंनी तेवढ्यात मुंग्या झटकल्या आणि उरलेला पापड तळायला नेला.