मेजर समाज, मायनर हळद

भाचीनं बी.ए.ला समाजशास्त्र घ्यायचं ठरवलं आणि फॉर्म भरायला मामाला सोबत नेलं. आमच्या वेळी हा विषय कुणी मुद्दाम घेत नसे. बाकीच्या वर्गांत जागा उरली नाही की तो आपसूक पदरात पडे. परीक्षेच्या आठ दिवस आधी गाईड आणायचं, चाळायचं, की समाज सुटला.

आता तसं नाही. राज्यातल्या संलग्नित कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलंय. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी खानावळीतल्या पोऱ्यासारखी एका दमात यादी म्हटली, "मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पुढं ओजेटी, एफपी, सीईपी. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट."

"आन् समाजशास्त्र कुठंय?" भाचीनं विचारलं.

"ते मेजर. ओपन इलेक्टिव्ह मात्र दुसऱ्याच शाखेचं घ्यावं लागतं. पाहिजे ते निवडा."

"काय काय आहे?"

"एकच आहे. बाकीच्याला सर नाहीत."

आहेत त्यांतलेही बरेच तासिका तत्त्वावरचे. 'असंघटित कामगार' हा धडा ते फार जीव ओतून शिकवतात म्हणे. विषय तसा खानदानी. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग काढला, पुढं घुर्ये आले, त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, श्रीनिवास घडले. एवढी मोठी माणसं, पण एकाच्याही खात्यात एक क्रेडिट नाही!

क्रेडिट म्हणजे काय, हे घरी ताईला समजावताना मात्र माझा घाम निघाला. तिला उधारी माहीत, मुकादमाची उचल माहीत. "शिकायच्या आधीच उधारी?" ती म्हणाली. मी विषय बदलून एक्झिटवर आलो. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं तरी चार जादा क्रेडिट मिळवले की सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री. चौथं केलं तर ऑनर्स.

एक्झिटचं आम्हाला नवल नाही. आमचा हिंगोली जिल्हाच १ मे १९९९ला परभणीतून एक्झिट घेऊन निघालेला. आणि पोरींची एक्झिट तर धोरणाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. दहावीनंतर एक, बारावीनंतर एक. फरक एवढाच, की सर्टिफिकेटऐवजी पत्रिका छापून येते. वसमतच्या बाजारात हळदीला भाव आला, की त्या वर्षी अंगाला लागणारी हळदही जरा लवकर लागते. पहिलं वर्ष झाल्यावर कागद मिळतो म्हटल्याबरोबर भावजींनी मान डोलावली. धोरण त्यांना पटलं.

खिडकीपाशी भाचीचं लक्ष मात्र वेगळीकडंच होतं. "दादा, ते सीईपी म्हंजे?"

"समाजात जाऊन काम करायचं. प्रकल्पाला एका क्रेडिटचे ३० तास. दोन क्रेडिटला ६०."

तिनं बोटांवर मोजलं. मागच्या हंगामात बायांच्या टोळीसोबत ती हळद वेचायला जायची. कुणाला किती मजुरी, कुणाचं लेकरू झाडाखाली झोळीत, कुणाचा नवरा ऊसतोडीला, सगळं तिला तोंडपाठ. तिच्या नखांच्या कडांचा पिवळेपणा आत्ता कुठं गेलाय.

"हळद वेचताना माझे तर ६०च्या वर कवाच झाले. धरता का?"

भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवून फॉर्मकडं पाहिलं. "हळद ना? ती शेतीत येते, बाई. तुमच्या शाखेत नाही बसत. ओपन इलेक्टिव्हला असती, तर बघितलं असतं."