बसचा बंगला

जुनी बस घ्यायची, फाटक्या रेक्झिनची बाकडी उपटायची, मागे पलंग, पुढे ओटा. सोलापुरात ही हौस कुणाला आलीच तर बेत वाईट नाही. भरलेली टाकी चार-चार दिवस पुरवायचं शिक्षण आम्हाला नळानेच दिलंय आणि मे महिन्यात पत्र्याखाली झोपायची सवयही आहे. घोडं अडतं कायद्यापाशी. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांच्या सरकारी बसची नोंदणी संपते, रवानगी थेट भंगारात. ‘व्हिंटेज’चा मान मात्र 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांनंतर. मधली 35 वर्षं तिने कुठे काढायची, हे राजपत्रात नाही. शिवाय तो मान दुचाकी-चारचाकींना. एसटीला मागची जोडचाकं धरून सहा! त्यातून सांगाडा बदललात, तर संपलंच.

पुणेकर हुशार. त्यांच्याकडे पीएमपीच्या भंगार बसमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहं झाली. बंगल्यातली सर्वांत निकडीची खोली तेवढी उचलली. इथे पलंग, पडदे, तुळस सगळं लावून गाडी सात रस्त्याला उभी केलीत, तरी पिशवी काखोटीला मारून कुणीतरी चढणारच, “पंढरपूरला जाती का ओ?”