नादब्रह्माचा नवा संप्रदाय

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या उपासकाविषयी आदर बाळगणे हे सुसंस्कृत समाजाचे कर्तव्यच होय. कारण देहदंडाचे जे प्रकार आपल्या पूर्वजांनी मोक्षप्राप्तीसाठी योजिले, ते सारे हा गृहस्थ आगाऊ तिकीट काढून, तेही हप्त्यांनी, पदरात पाडून घेतो. २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला ‘सनबर्न’ हा या संगीताचा महोत्सव २०१६ साली पुण्याजवळ केसनंदला भरला, तेव्हा या पंथाला समुद्राचीसुद्धा गरज नाही, हे निर्विवाद सिद्ध झाले. मिनिटाला सुमारे १२८ ठोक्यांचा तो नाद हळूहळू चढत जातो, मध्येच ठेका अकस्मात थांबतो, सहस्रावधी हात ऊर्ध्व होतात, आणि जो ‘ड्रॉप’ कोसळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तो कोसळताच भक्तगण विस्मयाने बेभान होतो. मंचावरील आचार्य एक खुंटी किंचित पिरगाळून दोन्ही बाहू उभारतात. तेवढ्यावर बिदागी वसूल. रात्री दहाचा सरकारी हुकूम मात्र अगदीच अरसिक: त्याचा अंमल सुरू होताच समाधी भंग पावते. पुढे आठवडाभर मनगटावरचा प्रवेशपट्टा न कापता हा साधक कचेरीत बाह्या दुमडून बसतो, हेतू इतकाच की निदान हिशेबनिसाने तरी चौकशी करावी. आणि भाद्रपदात गल्लीतल्या मंडपात ढोल घुमू लागला, की ध्वनिप्रदूषणाची पहिली तक्रार पोलीस चौकीत गुदरणारा इसमही बहुधा हाच असतो.