दोन टेमघर, दोन कस्तूर

टेमघरला राहतो म्हटलं की पुण्याकडची मंडळी हेव्याने बघतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मुळशी तालुक्यातलं, मुठेवरचं धरण असतं. आमचं टेमघर भिवंडीतलं. पाणी आमच्याकडेही आहे, पण ते उल्हास नदीतून उपसलेलं आणि शुद्धीकरण केंद्रात गाळलेलं. बाकी गोदामं, यंत्रमाग आणि वळता न आलेला एखादा कंटेनर.

टेमघर दोन, तसे कस्तूरही दोन. धरणाकडच्यांच्या वाट्याला शीळकरी कस्तूर आला. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी राहायचं, खेकडे दगडावर आपटून खायचे आणि पावसाळ्यात अंधार असतानाच शीळ सुरू करायची. शीळ गोड, पण स्थायी कुठे, अंतरा कुठे, काही पत्ता नाही. म्हणून तर इंग्रज साहेबांनी त्याला शीळ घालणारं शाळकरी पोर म्हटलं. कपाळावर, खांद्यावर चकाकता निळा रंग. कलावंत माणूस!

आमच्या वाट्याला निळा कस्तूर. थंडी लागली की हिमालयाकडून येतो आणि गोदामाच्या पत्र्यावर बसतो. उन्हात निळा, सावलीत नुसता काळपट. मादी तपकिरी, खवलेखवले असलेली. अधूनमधून वाकून नमस्कार केल्यासारखं करतो, पण बोलायचं नाव नाही. शेजारच्या काकूंना मी मोठ्या हौसेने दाखवला.

"गातो का?"

"गातो ना, विणीच्या दिवसांत. तिकडे, डोंगरात."

"म्हणजे गाणं तिकडे आणि जेवण इकडे!"

माल्टा देशाचा हा राष्ट्रीय पक्षी आहे, असं सांगून पाहिलं. "मग त्यांनी न्यायचा," काकू म्हणाल्या. मला मात्र त्याचं गप्प बसणं पटतं. मागांच्या खडखडाटात मोकळ्या गळ्याने गाऊन करायचं काय?

पुढे शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली आणि दोघांनाही कस्तुरांच्या कुळातून काढून माशीमारांच्या कुळात घातलं. नारिंगी डोक्याचा कस्तूर म्हणून आणखी एक आहे, तो मात्र खऱ्या वारसांत राहिला. भाऊबंदकीत असंच होतं. हे मी काकूंना सांगितलं.

"गाणाऱ्यालाही काढलं?"

"त्यालाही."

काकूंनी प्रथमच पत्र्याकडे नीट बघितलं. "मग इतकी वर्षं पहाटे उठून त्याला मिळालं काय?"