घमेलं पुढं द्या

आमच्या इंदापूर-बारामतीकडं दुष्काळ पडतो तो पाण्याचा. पुढाऱ्यांचा आजवर पडलेला नाही. साखर कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी, ग्रामपंचायत, गणेश मंडळ, एवढ्या खुर्च्या आणि एकेका खुर्चीमागं तीन-तीन ‘भावी’ उभे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत ‘शुभेच्छुक’ म्हणून जे बारीक चेहरे असतात, त्यांचाही डोळा मधल्या मोठ्या फोटोच्या जागेवर असतो. अशा मुलखातल्या वरकुट्याचा पोरगा एसटीनं बारामतीच्या कॉलेजात जातो आणि तिथं त्याला ‘नेतृत्व आणि संघकार्य’ असा तास लागतो, ही बातमी आमच्या पारावर चांगलीच गाजली. “पुढारपण शिकायला फी भरायची? हितं फुकट मिळतंय की!” असं चुलते म्हणाले. चुलत्यांनी सोसायटीची निवडणूक लढवलेली आहे. निकालाविषयी ते बोलत नाहीत.

तासाला सर फळ्यावर मोठमोठी नावं लिहीत. ब्रूस टकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1965 साली मांडलं, की कुठलाही गट आधी जमतो, मग भांडतो, मग नियम ठरवतो आणि मग कामाला लागतो. मला आमची यात्रा कमिटी आठवली. तिचा मुक्काम दुसऱ्या टप्प्यावर कधीपासून आहे, हे सांगायला गावातली जुनी माणसंच लागतील.

पण माझा जीव जडला तो रिंगेलमानवर. हा फ्रान्समधला शेतीचा इंजिनिअर, म्हणजे जवळपास आपल्यातलाच. त्यानं माणसांना दोर ओढायला लावलं, आधी एकेकट्याला, मग गटानं. 1913 साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत असं दिसतं, की आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. काही जोर ताळमेळ नसल्यानं वाया जातो, आणि काही ‘बाकीचे आहेतच की’ या भरवशावर पोटातच राहतो. ग्रामस्वच्छतेला गेलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. दहा झाडू, चाळीस माणसं आणि एक फोटोग्राफर असा तो हिशेब असतो.

या तासाचं प्रॅक्टिकल म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असा तिचा नेम. ब्रीद आहे ‘नॉट मी बट यू’. घमेलं उचलायची वेळ आली की काही स्वयंसेवक हे ब्रीद फारच मनापासून पाळतात.

शिबिर नेमकं आमच्याच गावात पडलं. कॉलेजात मी ‘गट क्रमांक दोन’ होतो, गावात मात्र अमक्याचा थोरला. प्रभातफेरीत घोषणा देत निघालो, तर ओट्यावरून आवाज आला, “आरं, म्हशीला वैरण टाकून आलास का?” घोषणेचा पुढचा अर्धा भाग बाकीच्यांनी पुरा केला.

काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं. साखळी करून माती घमेल्यानं पुढं द्यायची, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरायची, दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं आणि थरावर थर रचायचे. आमचे गटप्रमुख वर्गात भाषणाला पहिले, म्हणून इथंही काठावर हात मागं बांधून उभे. “चला, उचला, लवकर!” तेवढ्यात शेरडं घेऊन निघालेली एक म्हातारी थांबली. त्यांना खालीवर न्याहाळून म्हणाली, “मुकादम हाईस व्हय रं? ह्या पोरींनी उचल घेतलीया का तुझ्याकडनं?”

ऊसतोडीच्या टोळ्या बघत वाढलेल्या मुलखात याचा अर्थ सांगावा लागत नाही. गटप्रमुख खाली उतरले आणि साखळीत माझ्या शेजारी उभे राहिले.

साखळीत रिंगेलमानची डाळ शिजत नाही, कारण घमेलं येतंच. तुम्ही थांबलात तर तुमच्यापाशी तीन जमतात आणि सगळ्या गावाला दिसतात. मधल्या माणसाला माती कुठून येते ते दिसत नाही आणि बंधारा किती वर आला तेही कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की डावीकडचा घमेलं फार खाली धरतो आणि उजवीकडचीचा हात आता भरून आलाय. मला तरी त्या विषयातलं जे काही समजलं ते इथंच, आणि ते परीक्षेत विचारत नाहीत.

गोण्या शिवणारी एक मुलगी वर्गात हजेरीपुरतं बोलायची. “सांध्यावर सांधा येतोय, पाणी फुटंल,” असं ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाली. गटप्रमुखांनी हातातलं घमेलं खाली ठेवून विचारलं, “काय म्हणालीस?” वरचे दोन थर उतरवून, वीट रचतात तशी सांधमोड करून पुन्हा रचले. त्या दिवशी भाषण झालं नाही.

ते बघून मला वारी आठवली. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडीवरून आमच्या तालुक्यात येते, बेलवडीला रिंगण होतं, त्यामुळं दिंड्या आम्ही लहानपणापासून बघतो. पण तिकडं माऊलींच्या पालखीतला एक शिरस्ता फार मोलाचा आहे. मुक्कामाच्या समाज आरतीला चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि तिचं म्हणणं ऐकतो. एवढा अधिकार हातात असलेला माणूस आवाज येईल तिकडं चालत जातो! आमच्या फ्लेक्सवाल्या भावींना एकदा आरतीला न्यायला हवं. पण तिथं ते स्वतःच दंड धरायला मागतील, ही भीती आहेच.

शिबिर संपलं, प्रमाणपत्र मिळालं. वडिलांनी ते उजेडात धरून वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“लीडरशिप म्हंजी पुढं चालायचं न्हवं?”

“तसंच काही नाही, आबा. गटात प्रत्येकाची भूमिका असते.”

“बरं झालं. रात्री अकराला लाइट येणार हाय. मोटारीपाशी मी थांबतो, दारं धरायला तू जा.”

धाकट्यानं विचारलं, “मग बॅटरी कुणाकडं?” यावर आमच्या घरात टकमनचा दुसरा टप्पा सुरू झाला, तो लाइट आली तरी संपला नव्हता.