खांब सरकला, साहेब!

लेण्याद्रीच्या पायथ्याला प्लॉट घेणाऱ्याला आधी मिळतात ते चार खांब. सिमेंटचे, कमरेएवढे, डोक्यावर लाल पट्टा. एजंट म्हणतो, ‘साहेब, हा तुमचा कोपरा.’ साहेब कोपऱ्यावर पाय ठेवून फोटो काढतात, मागे डोंगर आणि लेण्यांची रांग, आणि परतताना नारायणगावात चहा पिता पिता गुंतवणूकदार होतात.

पहिला पाऊस झाला की ईशान्येचा खांब सरकतो. का सरकतो हे जुन्नर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: शेजारच्या ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. पण साहेबांच्या हिशेबात मुद्रांक शुल्काला रकाना आहे, वकिलाला आहे, वास्तुशांतीच्या जेवणालासुद्धा आहे, खांबाला नाही. मग पहिल्या वर्षी खांब पुन्हा बसवण्याचा खर्च. दुसऱ्या वर्षी खांबाभोवती तार. तिसऱ्या वर्षी तार कोणी नेली हे बघायला राखणदार, राखणदाराला खोली, खोलीला वीज आणि विजेसाठी आणखी एक खांब. राखणदार शेजाऱ्याचा मेव्हणा निघतो, ते वेगळंच.

मग कोणी शहाणा सुचवतो, सरकारी मोजणी आणा, हद्द कायम करून घ्या. फी भरली जाते, तारीख पडते, मोजणीवाले येतात, सातबारा उघडतात आणि विचारतात, ‘यातले तुम्ही कोण?’ नावं बावीस! तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. पाच-पाच गुंठ्यांचे शेतीचे तुकडे पाडून विकता येत नाहीत, म्हणून विकणाऱ्याने सगळ्यांना एकाच गटात सामाईक कोंबलेलं. पोटहिस्सा पाडायचा तर सगळ्यांची संमती हवी. त्यातले एक ठाण्याला, एक न्यू जर्सीला, एक देवाघरी आणि त्यांचे तीन वारस एकमेकांशी बोलत नाहीत. शिवाय मोजणीवाल्यांचं म्हणणं बिनतोड आहे: जमीन सामाईक, म्हणजे खांब गटात कुठेही गेला तरी तुमच्याच जमिनीत, मग सरकला कुठे? बावीस जणांनी मिळून अठ्ठ्याऐंशी खांब विकत घेतलेत, आणि त्यातला एकही कोणाचाच नाही. उसातला बिबट्या तेवढा सगळा गट आपलाच समजून फिरतो. त्याला फेरफार लागत नाही.

ज्यांचा प्लॉट लेण्यांना चिकटून, त्यांचा भाव चढा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. सगळ्यात जास्त पैसे मोजणाऱ्याला खांबावरच बसून दर्शन घ्यावं लागतं.

आणि याला म्हणायचं ‘अनपेक्षित खर्च’! अनपेक्षित कोणाला? ट्रॅक्टरवाल्यावर माझा राग नाही, त्याची पोटापाण्याची वळणं आहेत. राग आहे तो खांब पुरणाऱ्यांवर. सातबारा सामाईक राहणार, हे त्यांना रंगीत पत्रक छापण्याआधीपासून पाठ असतं. शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, हेही ते इसार खिशात घातल्यावर सांगतात आणि वर ‘करू काहीतरी’ म्हणतात. एखाद्याची उभ्या आयुष्याची ग्रॅच्युइटी अशी चार खांबांत पुरायची, आणि त्याने विचारलं की ‘साहेब, जमिनीत थोडा धीर धरावा लागतो’! जुन्नरच्याच मानमोडीच्या डोंगरात, सुमारे अठराशे वर्षांमागे शेत दान देणाऱ्यांनी कोणत्या गावातलं शेत आणि कोणती झाडं लावायला, हे कातळात कोरून ठेवलं. फुकट देताना! इथे लाखो रुपये घेऊन चतु:सीमेत ‘पूर्वेस: उर्वरित मिळकत’ लिहितात. पश्चिमेसही तेच.

बावीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र जोरात आहे. वर्गणी जमली, अध्यक्ष निवडले गेले, उपाध्यक्ष रुसले. येत्या रविवारी ओझरच्या भक्तनिवासात बैठक आहे. विषय पहिला: खांबांना नवीन रंग कोणता द्यावा. विषय दुसरा: शेजारचा गट विकायला निघालाय, घ्यावा का?